मांजराचं पिल्लू कुठून आणायचं? ठाणे-नवी मुंबईतल्या घरांसाठी नेहमीचे प्रश्न

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते आणि गेली नऊ वर्षं घरी मांजरांची पिल्लं फॉस्टर करते, म्हणजे पार्किंगमधनं, मार्केटमधनं, कुणाच्या तरी माळ्यावरनं आलेली पिल्लं मोठी करायची, डॉक्टरकडनं सगळं करून घ्यायचं आणि चांगलं घर बघून द्यायची. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत फोन थांबत नाहीत आणि बहुतेक फोनची सुरुवात एकच असते, "ताई, पिल्लू पाहिजे, पांढरं आहे का?" रंगाचं नंतर बघू हो. पिल्लू पंधरा वर्षं तुमच्या घरात राहणार आहे, तर आधी ते कुठून येतंय, त्याचे पहिले आठ आठवडे कुणाजवळ गेले ते विचारा, माझं सगळं म्हणणं त्या एका गोष्टीवर आहे. फोनवर जे परत परत सांगते ते इथे लिहून ठेवलंय.

पिल्लू मिळायचे मार्ग तरी किती आहेत?

आपल्याकडे साधारण पाच. एक, रेस्क्यू करणाऱ्या संस्था आणि माझ्यासारखे घरगुती फॉस्टर. दोन, ओळखीत कुणाच्या मांजरीला पिल्लं झालीत. तीन, पेट शॉप. चार, पर्शियन वगैरे जातींच्या मांजरांची पैदास करून विकणारे ब्रीडर, जे आता जवळजवळ सगळे इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपवर आहेत. आणि पाच, जे सगळ्यात जास्त होतं, खाली बिल्डिंगमध्ये पिल्लू सापडतं आणि मुलं ते घरी घेऊन येतात.

माझा क्रम विचाराल तर फॉस्टरकडनं घ्या, नाहीतर खालच्याच मांजरीचं पिल्लू नीट वाट बघून, वेळ आल्यावर घ्या. विकत घ्यायची वेळ ठाण्यात कुणावर यावी असं मला खरंच वाटत नाही, इतकी पिल्लं आहेत. जांभळी नाक्याच्या मार्केटमध्ये सकाळी एक चक्कर मारा, दिवाळे गावच्या किंवा कुठल्याही कोळीवाड्यात मासळीच्या टोपल्यांमागे बघा, कळेल.

संस्था आणि फॉस्टर शोधायचे कुठे?

मुंबई भागात वर्ल्ड फॉर ऑल ही संस्था अडॉप्शनचे मोठे मेळावे भरवते, त्याला अॅडॉप्टाथॉन म्हणतात. द फेलाइन फाउंडेशन मांजरांच्या नसबंदीवर काम करते. परळचं बाई साकरबाई हॉस्पिटल तर १८८३ पासून आहे. पण खरं सांगू का, मांजराच्या पिल्लांचं बहुतेक काम घराघरांतनं चालतं. ऐरोलीत कुणाच्या बाथरूममध्ये चार पिल्लं, खारघरला कुणाच्या बाल्कनीत तीन, असं. त्यामुळे सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे तुमच्या जवळच्या व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला, विचारा. प्रत्येक व्हेटकडे त्या एरियातले चार फीडर (रस्त्यावरच्या मांजरांना खाऊ घालणारे) आणि फॉस्टर येत असतात, त्यांना सगळ्यांचे नंबर माहीत असतात. दुसरं, तुमच्या सोसायटीत रात्री नऊ-दहाला जे कुणी खाली मांजरांना खाऊ घालतं त्यांच्याशी बोला. त्यांना कुठल्या मांजरीला कधी पिल्लं झाली हे तारखेसकट सांगता येतं.

फॉस्टरकडचं पिल्लू आणि दुसरीकडचं, फरक काय पडतो? पिल्लू ते पिल्लूच ना?

मोठा फरक पडतो. पिल्लाचं मन साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात घडतं. त्या दिवसांत त्याला माणसाचा हात, मिक्सरचा आवाज, कुकरची शिट्टी, दाराची बेल, लहान मुलाची धावपळ हे सगळं रोजचं झालं की ते आयुष्यभर निवांत राहतं. तेच दिवस जर पिंजऱ्यात, अंधारात, दहा अनोळखी पिल्लांबरोबर गेले तर ते पलंगाखालीच बसून राहतं आणि घरातले म्हणतात, मांजर माणूसघाणं निघालं. मांजर नाही हो तसं निघत, त्याला त्या दिवसांत कुणी हातात घेतलेलं नसतं.

दुसरं म्हणजे चांगला फॉस्टर तुम्हाला पिल्लाचा स्वभाव आधीच सांगू शकतो. माझ्याकडे आत्ता तीन आहेत, त्यातलं एक कुणी आलं की दारापर्यंत जातं, एक फ्रीजच्या वर चढायचा मार्ग शोधत असतं, आणि तिसरी, राखाडी पट्ट्यांची, ती मी पोळ्या करत असताना ओट्याखाली माझ्या पायावर पाय ठेवून बसते, बस, तेवढंच तिला पाहिजे असतं. घरात आजी-आजोबा असतील तर मी तिसरी देईन, पहिली दोन मागितली तरी नाही देणार. हे दुकानात कोण सांगणार?

किती वयाचं पिल्लू आणावं?

आठ आठवड्यांच्या आत नको. दहा-बारा आठवडे असेल तर अजून चांगलं. लोकांना हातात मावणारं एवढुसं हवं असतं, पण चार आठवड्यांचं पिल्लू म्हणजे नुकतं चालायला लागलेलं, धड खाता न येणारं बाळ असतं. आई आणि भावंडांबरोबर राहूनच ते शिकतं की चावलं की समोरच्याला दुखतं, लिटरमध्ये, म्हणजे शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये, कसं जायचं, कुठे थांबायचं. लवकर तोडलेली पिल्लं पुढे हात चावतात, लोकर चोखत बसतात, हे मी कितीतरी घरांत बघितलंय.

वय कसं ओळखायचं तर डोळे साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात. सुरुवातीला सगळ्यांचेच डोळे निळसर असतात, सहा-आठ आठवड्यांनंतर खरा रंग यायला लागतो, त्यामुळे "निळ्या डोळ्यांचं आहे" म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर पिल्लू फार लहान आहे एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. जन्मतः वजन शंभर ग्रॅमच्या आसपास आणि पुढे आठवड्याला तेवढंच वाढतं, म्हणजे आठ आठवड्यांचं निरोगी पिल्लू पाऊण ते एक किलो भरतं. किचनमधला वजनकाटा चालतो, मी तोच वापरते.

पेट शॉपमधनं घेतलं तर काय बिघडतं?

हे उत्तर मोठं आहे, कारण ते आमच्या घरात घडलंय. २०१८ मध्ये माझ्या नणंदेने मुलाच्या वाढदिवसाला एका दुकानातनं पांढरं पिल्लू आणलं. दुकानाचं नाव सांगत नाही. काचेच्या मागे सात-आठ पिल्लं, खाली वर्तमानपत्र, एकच पाण्याचं भांडं. दुकानदार म्हणाला दोन महिन्यांचं आहे, लस झालीय, कार्ड नंतर देतो. घरी आणलं तेव्हा पहिल्या दिवशी खेळलं. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वाटीवर मान खाली घालून नुसतं बसून राहिलं, पाणी प्यायचं आहे पण पीत नाही, तो प्रकार मी आजही विसरू शकत नाही. तिसऱ्या दिवशी उलट्या, मग जुलाब, पाचव्या दिवशी गेलं. डॉक्टरांनी सांगितलं पॅनल्यूकोपेनिया, ज्याला आपल्याकडे कॅट पार्वो म्हणतात, आणि म्हणाले की हा आजार अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत दोन ते दहा दिवस जातात, म्हणजे पिल्लू दुकानातच आजारी पडलेलं होतं. आणि दोन महिन्यांचं नव्हतंच, दातांवरनं पाच आठवड्यांचं होतं. दुकानदाराचं उत्तर एकच, आमच्याकडनं निघालं तेव्हा ठणठणीत होतं. तो सातवीतला मुलगा आठवडाभर शाळेतनं आल्यावर त्या खोक्याजवळ जाऊन बसायचा.

आणि पुढचं लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते. तो व्हायरस घरात वर्षभरसुद्धा टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. नणंद महिन्याभरात दुसरं पिल्लू आणणार होती, ते आणलं असतं तर तेही गेलं असतं. आम्ही एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी असं करून दोनदा लादी धुतली, दहा मिनिटं ओली ठेवून मग साध्या पाण्याने पुसली, खोका-चादरी टाकून दिल्या, आणि वर्षाने पूर्ण लसी झालेलं मोठं मांजर आणलं.

कायदा काय म्हणतो तेही बघा. २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानाची राज्य पशू कल्याण मंडळाकडे नोंदणी पाहिजे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. तुम्ही दुकानात गेलातच तर नोंदणीचा कागद मागा. नसेल तर "दया आली म्हणून" सुद्धा घेऊ नका, हे मला फार मनापासून सांगायचंय. एक पिल्लू सुटल्यासारखं वाटतं, पण त्या रिकाम्या जागी संध्याकाळी दुसरं आलेलं असतं आणि मागे कुठेतरी एका मांजरीला परत गाभण केलेलं असतं. वाईटच वाटत असेल तर फोटो काढा आणि तक्रार करा.

इन्स्टाग्रामवर पर्शियन पिल्लू स्वस्तात मिळतंय, अॅडव्हान्स पाठवू का?

नको. आधी जाऊन बघा. नेहमीची पद्धत अशी असते की गोड फोटो टाकतात, अर्धे पैसे जीपे करा म्हणतात, मग गाडीचे वेगळे, मग पिंजऱ्याचे, मग अचानक "रस्त्यात तब्येत बिघडली, डॉक्टरचे पाठवा", आणि मग नंबर बंद. कोपरखैरण्याच्या एका मुलीने तिचा पहिला पगार असा घालवला. जो माणूस पिल्लाची आई दाखवत नाही, जो म्हणतो मी वाशी स्टेशनला आणून देतो, घरी येऊ नका, त्याच्याकडनं काही घेऊ नका. व्हिडिओ कॉलवर आई आणि पिल्लं एकत्र दाखवा म्हटल्यावर जो टाळतो तोही त्यातलाच.

पण मला पर्शियनच हवंय, त्यात चूक काय?

आवड असू शकते, मी तुमच्याशी भांडणार नाही, फक्त काही गोष्टी माहीत असू द्या. नाक जितकं बसकं तितका श्वासाचा त्रास, ज्याला विकणारे "पंच फेस" म्हणून जास्त किमतीला देतात तोच त्या मांजराचा आजार आहे. डोळ्यांतनं सतत पाणी, रोज पुसावं लागतं. केस रोज विंचरले नाहीत तर गुठळ्या होतात, आणि आपल्या मे महिन्यातल्या घामट हवेत ते अंगावर घोंगडी घेऊन राहिल्यासारखं आहे. पर्शियनमध्ये किडनीत गाठी होण्याचा पीकेडी नावाचा आजार आईबापांकडनं येतो, त्याची डीएनए टेस्ट असते, ब्रीडरला विचारा आईबापांची टेस्ट केलीय का. गोंधळलेला चेहरा दिसला की उठा. आणि दुमडलेल्या कानांचं स्कॉटिश फोल्ड तर कृपा करून घेऊच नका, ज्या जनुकाने कान दुमडतो तेच सांध्यांच्या कूर्चेतही बिघाड करतं, ती मांजरं लहान वयातच लंगडायला लागतात.

एक रस्ता आहे. हौसेने घेतलेली पर्शियन वर्षा-दोन वर्षांनी सोडून देतात, केस फार गळतात म्हणून, लग्न झालं म्हणून, परदेशी चाललो म्हणून. रेस्क्यूवाल्यांकडे नाव सांगून ठेवा. थोडं थांबलात की मिळतं.

पार्किंगमध्ये एकटं पिल्लू ओरडतंय, उचलून घरी आणू का?

लगेच नको! आपल्याकडे म्हणतातच, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. ती एकेक पिल्लू तोंडात धरून जागा बदलते, त्यामुळे मधल्या वेळात एखादं एकटं दिसणारच. तुम्ही उचललंत की ती परत येऊन शोधत बसते. लांब उभं राहून दोन-तीन तास बघा, जवळ उभे राहिलात तर ती येणार नाही. पिल्लू गुबगुबीत, स्वच्छ आणि शांत असेल तर आई आहे असं समजा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते ही समजूत खोटी आहे, त्यामुळे गाडीखाली असेल तर खुशाल उचलून बाजूच्या कोरड्या जागी ठेवा.

लगेच उचलायचं कधी? जखम असेल, माश्या बसत असतील, अंग गार पडलं असेल, पावसाचं पाणी शिरत असेल, कुत्री आसपास असतील, किंवा आई गेलेली दिसली असेल तेव्हा. पावसाळ्यात मी स्वतः कमी वाट बघते, कारण बेसमेंटमध्ये पाणी भरायला अर्धा तास पुरतो.

आणि आई आहे असं दिसलं तर आईला खायला घाला, खोका ठेवा, पिल्लं आठ आठवड्यांची होऊ द्या, मग घ्या आणि आईची नसबंदी करा. वाट बघितल्याने तुमचं पिल्लू कुठे पळून जात नाही, उलट आईच्या दुधावर वाढलेलं मिळतं. आमच्या इमारतीच्या मीटर रूममध्ये दोन वर्षांपूर्वी असंच केलं, वॉचमनकाका रोज रात्री जाळीचं दार बंद करायचे, सकाळी उघडायचे. चारही पिल्लांना घरं मिळाली आणि ती मांजरी अजून खाली आहे, तिला परत पिल्लं झाली नाहीत.

डोळे न उघडलेलं पिल्लू मिळालं आणि आई नाहीच, तर?

आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही, जीव जातो. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. गाईचं दूध नको, जुलाब लागतात, पेट शॉपमध्ये पिल्लांची दूध पावडर मिळते ती आणा. पाजताना पिल्लाला पालथं, त्याच्या पोटावर ठेवून पाजायचं, माणसाच्या बाळासारखं पाठीवर झोपवून नाही, दूध फुफ्फुसात जातं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. आणि पाजल्यावर ओल्या कापसाने शी-शूच्या जागी हलकं पुसायचं, तेव्हाच त्यांना होते. हे जमणार नसेल तर त्याच दिवशी अनुभवी फॉस्टरला फोन करा, दोन दिवस प्रयत्न करून मग नको.

रेस्क्यूवाले इतके प्रश्न का विचारतात? फुकट पिल्लू द्यायचं तर एवढा फॉर्म?

हा राग मी रोज ऐकते. पगार काय, घर भाड्याचं का, खिडक्यांना जाळी आहे का, घरातले सगळे तयार आहेत का, गावी गेल्यावर कोण बघणार. वाईट वाटतं, मला कळतं. पण पहिल्या वर्षी मी काही न विचारता एक पिल्लू दिलं, घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर, आणि तीन महिन्यांनी फोन आला की खिडकीतनं पडलं. कबुतराच्या मागे. मांजर कितीही चपळ असलं तरी त्याला मजला कळत नाही, त्याला फक्त कबुतर दिसतं. तेव्हापासून जाळी नाही तर पिल्लू नाही. बाल्कनीचीच नाही, बाथरूमची झरोक्याची आणि किचनची एक्झॉस्टची जागासुद्धा, कारण तिथनं थेट डक्टमध्ये पडतात. नुसती आडव्या तारांची इनव्हिजिबल ग्रिल पुरत नाही, पिल्लू त्यातनं आरामात जातं, आतनं जाळी मारावी लागते.

त्यामुळे जो काहीही न विचारता पिशवीत पिल्लू घालून देतो त्याच्यापासून सावध राहा. विचारणाऱ्याला त्या पिल्लाची काळजी आहे, आणि पुढे रात्री अकराला ते जेवत नाहीये म्हणून तुम्ही फोन केलात तर तोच उचलणार आहे.

अडॉप्शनचे पैसे का घेतात? आणि एकूण खर्च किती?

काही जण घेत नाहीत, काही जण लसीचे आणि नसबंदीचे घेतात. बिल दाखवतात की नाही ते बघा. नसबंदीसाठी डिपॉझिट ठेवून नंतर परत देणं ही चांगली पद्धत आहे, मी तशीच करते.

खर्चाचं म्हणाल तर पहिल्या वर्षातच जास्त असतो. ट्रायकॅटची (मांजरांच्या तीन आजारांवरची) लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू, दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. अँटी-रेबीज तीन महिन्यांनंतर. जंताचं औषध लहानपणी दर पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. नसबंदी पाचव्या महिन्याच्या आसपास. वर खाणं, लिटर, जाळी. माझ्या हिशोबात जाळी सोडून पहिल्या वर्षाला पंधरा ते वीस हजार धरून चाला, संस्थेमार्फत नसबंदी झाली तर कमी. एवढे आत्ता शक्य नसतील तर लाज बाळगू नका, खालच्या मांजरीला रोज वाटीभर खायला ठेवा.

बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

घाई करू नका, अर्धा तास बसा. पिल्लं झोपेतनं उठलेली असतील तर सुस्त वाटतील, थोडं थांबा. डोळे स्वच्छ, नाक कोरडं किंवा किंचित ओलं पण वाहत नाही, कानात कॉफीच्या चोथ्यासारखं काळं काही नाही. हिरड्या गुलाबी पाहिजेत, पांढुरक्या असतील तर अंगात रक्त कमी, बहुतेक पिसवा किंवा जंत. शेपटी उचलून बघा, मागची बाजू स्वच्छ हवी. पोट एकदम टम्म आणि पाठीचा कणा हाताला लागतोय म्हणजे जंत. कानांवर, पंजांवर गोल केस गेलेले चट्टे म्हणजे गजकर्ण असू शकतं, ते माणसांनाही होतं, बरं होतं पण वेळ लागतो.

मग दोरी हलवा. मागे येतंय का? खाताना बघा. आणि लसीचं कार्ड हातात घेऊन वाचा, त्यावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरचा सही-शिक्का पाहिजे. "लस झालीय" एवढं तोंडी म्हणणं म्हणजे झालेली नाही असं धरा.

आणि जागेचा वास घ्या. हो, वास. चार पिल्लं आणि स्वच्छ लिटर असलेल्या घराला थोडा वास येतो, पण डोळ्यांत पाणी आणणारा अमोनियाचा वास येत असेल तर तिथे झेपेल त्यापेक्षा जास्त प्राणी कोंबलेत, मग ते स्वतःला रेस्क्यू म्हणवत असले तरी.

बोका चांगला की भाटी?

नसबंदी केली की फारसा फरक राहत नाही. नाही केली तर बोका घरभर फवारे मारतो आणि भाटी चौथ्या महिन्यापासूनसुद्धा गाभण राहू शकते, दोन महिन्यांत पिल्लं. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटीच असते आणि पिवळी बहुतेक बोके, त्यामुळे "दुर्मिळ तिरंगी बोका" म्हणून कुणी विकत असेल तर शेपटीखाली बघून घ्या.

काळं पिल्लू घरात आणलं तर चालतं का?

चालतं. माझं स्वतःचं काळं आहे, सातवं वर्ष. काळी पिल्लं माझ्याकडे सगळ्यात शेवटी जातात, भावंडं एकेक करून निघून जातात आणि ती टोपलीत एकटीच राहतात, ते बघणं मला दरवेळी जड जातं. आडवं जाण्याचं म्हणाल तर कुठल्याही रंगाचं मांजर दिवसातनं पन्नासदा आडवं जातं, विशेषतः तुमच्या हातात चहा असताना.

एकच घ्यावं की दोन?

तुम्ही दोघं नवरा-बायको ठाणे स्टेशनवरनं सकाळी आठची गाडी पकडून रात्री आठला परत येत असाल तर दोन घ्या, एकाच आईची. एकटं पिल्लू बारा तास भिंतीकडे बघत बसतं आणि रात्री तुमचे पाय चावतं. दोघं एकमेकांना दमवतात. खर्च जास्त होतो, पण दुप्पट त्रास होत नाही. आणि घरी वयस्कर माणसं असतील किंवा पिल्लाचा धिंगाणा नको असेल तर दोन-तीन वर्षांचं मांजर घ्या. स्वभाव ठरलेला, नसबंदी झालेली, लिटरची सवय लागलेली. त्यांना कुणी विचारत नाही आणि घरी आल्यावर तीच सगळ्यात जास्त चिकटतात.

सोसायटीवाले किंवा घरमालक नाही म्हणाले तर?

सोसायटीला बहुमताने ठराव करून पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यांची प्रिंट काढून सेक्रेटरींना शांतपणे द्या. भाड्याच्या घराचं वेगळं आहे. मालकाला आधी विचारा आणि अॅग्रीमेंटमध्ये एक ओळ लिहून घ्या. लपवून ठेवलेली मांजरं अकरा महिन्यांनी माझ्याकडे परत येतात.

घरात बाळ येणार आहे, किंवा कुणाला दमा आहे. मांजर चालेल?

केस पोटात जाऊन दमा होतो असं नाही. अॅलर्जी असते ती मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनाची, ते केसांवर वाळतं आणि उडतं. दम्याचा पेशंट असेल तर आधी फॉस्टरच्या घरी दोन-तीनदा तासभर बसून बघा, डॉक्टरांना विचारा, मग ठरवा. गरोदरपणात मांजर सोडून द्यायची गरज नसते. भीती असते ती टॉक्सोप्लाझ्माची, हा मांजराच्या शीतनं पसरणारा आणि पोटातल्या बाळाला बाधू शकणारा जंतू. त्याची अंडी शीमध्ये पडल्यावर संसर्ग करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून लिटर रोज साफ करायचं आणि ते काम दुसऱ्या कुणी करायचं. कच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांचीही तेवढीच काळजी घ्या. आणि कुठल्याही पिल्लाने, रस्त्यावरच्या किंवा लस न झालेल्या, चावलं-ओरबाडलं तर पंधरा मिनिटं साबणाने धुवा आणि त्याच दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात इंजेक्शनला जा, "लहान आहे हो ते" म्हणून सोडू नका.

घरात आधीच एक मांजर आहे, नवीन आणल्यावर?

दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळं लिटर. वर सांगितलेल्या पार्वोमुळे. घरातल्या मांजराच्या लसी आधी पूर्ण करा. लगेच समोरासमोर आणलंत तर जी मारामारी होते ती दोघांनाही सहा महिने लक्षात राहते.

नाहीच जमलं तर परत देता येतं का?

ज्याच्याकडनं घेतलं त्यालाच द्या, चांगला फॉस्टर हे लेखी लिहून देतो. मी तर सांगते, दहा वर्षांनी आणलंत तरी घेईन, ओरडणार नाही. पण उपवनला, येऊरच्या पायथ्याशी, एपीएमसी मार्केटमध्ये "तिथे खायला मिळेल" म्हणून सोडू नका. घरात वाढलेल्या मांजराला तिथे आठवडाभरसुद्धा निभावता येत नाही, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात उपाशी-तहानेलं राहून हाल होतील अशा अवस्थेत प्राणी सोडून देणं हा गुन्हा आहे.

ठरलं! आणायला जाताना काय न्यायचं?

झाकण असलेला कॅरियर, पुठ्ठ्याचा खोका नको, रिक्षात माजिवड्याच्या पुलावर हॉर्न वाजला की खोका फाडून बाहेर येतात. शक्यतो शनिवारी सकाळी आणा म्हणजे दोन दिवस घरी कुणीतरी असेल आणि व्हेट उघडा असेल. फिनाईलने लादी पुसलेली असेल तर आदल्या दिवशी साध्या पाण्याने पुन्हा पुसा, फिनाईल मांजरांना विषारी असतं, पंजे चाटताना पोटात जातं. क्रोसिनची गोळी, कुत्र्याचं गोचिडीचं औषध, यातलं काहीही मांजराला कधी द्यायचं नाही, जीव जातो.

ते जे खात होतं तेच पहिले आठ दिवस द्या, त्यासाठी फॉस्टरकडनं मूठभर खाणं आणि वापरातलं थोडं लिटर पिशवीत मागून घ्या. आणि ती पिल्लं ज्याच्यावर झोपायची तो फडका मागा, धुतलेला नाही, तसाच. मी माझ्या जुन्या सुती साडीचे तुकडे करून ठेवलेत, प्रत्येक पिल्लाबरोबर एक जातो. रात्री एक-दीडला ते आई शोधत ओरडेल तेव्हा तो फडका त्याच्या पोटाखाली सरकवा आणि दिवा बंद करून तिथेच बसा.